मेन लाईन कोणासाठी रुंद करायची?

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात बस स्टँडवरून गुजरीकडे, म्हणजे भाजीबाजाराकडे, जाणारा एक रस्ता असतो. कुठे त्याला मेन लाईन म्हणतात, कुठे मेन रोड. किराणा, कापड, सराफा, भांडी, कृषी केंद्र, सगळं त्यावरच. गेल्या काही वर्षांत यातल्या बऱ्याच रस्त्यांचं सारखंच झालं. सिमेंटीकरण झालं, मधे दुभाजक आला, दोन्ही अंगांची दुकानं मागे सरली किंवा पडली. मग गावाला जुनी दुकानं आठवायला लागली. लग्नात, तेरवीत, दिवाळीला पुण्याहून आलेल्या पोरांच्या घोळक्यात विषय निघतोच. अमक्या हॉटेलातला आलूबोंडा, तमक्याकडची भाड्याची सायकल, पोळ्याच्या आदल्या दिवशीची गर्दी. सांगणाऱ्याचा चेहरा खुलतो, मग कोणीतरी म्हणतं, "गेला तो काळ," आणि पंगत बसते.

या आठवणी मलाही आहेत आणि त्या मला प्रिय आहेत. "गेला तो काळ" या वाक्याशी मात्र माझं भांडण आहे. त्यात सगळा दोष काळावर जातो आणि आपण मोकळे होतो. मेन लाईनवरचं काही काळानं नेलं, हे खरं. एसटीडी बूथ गेले, कॅसेटची दुकानं गेली, टायपिंगचे क्लास गेले, रोल धुऊन देणारे फोटो स्टुडिओ गेले. त्यांना कोणी वाचवू शकलं नसतं, वाचवायची गरजही नव्हती. पण दुकानासमोरचा ओटा काळानं नेला नाही. रस्त्याकडेची कडुनिंबाची झाडं काळानं तोडली नाहीत. तीस वर्षं एकाच जागी बसणाऱ्या चांभाराला काळानं उठवलं नाही. त्यासाठी मोजणी झाली, अंदाजपत्रक झालं, निविदा निघाली, ठराव झाला. जे ठरावानं गेलं ते ठरावानं राखताही आलं असतं, आणि अजून जिथे शिल्लक आहे तिथे राखता येईल.

ही बाजारपेठ आपोआप उगवली, अशी आपली एक समजूत आहे. वऱ्हाडात तर ती अजिबात आपोआप उगवलेली नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत फाटा निघाला, तोही कापसासाठीच. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे शकुंतला ही छोटी रेल्वे धावायला लागली. जिथे जिनिंग-प्रेसिंग तिथे रुईचे गठ्ठे, जिथे गठ्ठे तिथे पैसा, आणि पैशामागून दुकानं. मारवाडी आले, गुजराती आले, लोखंडी सामान घेऊन बोहरी आले, फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली आणि त्यांनी कापडाच्या व्यवसायात जम बसवला. तेली, कासार, शिंपी, सोनार इथलेच होते, त्यांनाही रस्त्यावर जागा मिळाली.

त्या बाजाराला नियमही होते. कारंजा लाडचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमांखाली आला, देशातला तो पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजार कुठे भरायचा, माप कोणाचं चालायचं, कारभार कोणी पाहायचा, हे कोणीतरी बसून ठरवलं होतं. ते नियम राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते, तो वेगळा विषय. पण रस्ता, रेल्वे, नियम आणि जागा या चार गोष्टी सरकारनं ठरवल्या म्हणून बाजार उभा राहिला. मग आज त्याच बाजाराचं काय व्हावं हा प्रश्न आला की आपण हात वर करून "काळ बदलला" का म्हणतो?

त्या दुकानांकडून गावाला काय मिळत होतं, हे नीट पाहिलं पाहिजे. आठवणीत चव राहते, वास राहतो. व्यवहार विसरला जातो, आणि दुकान चालत होतं ते व्यवहारावर. आमच्या भागात तो व्यवहार कापसाच्या पैशावर फिरायचा. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकरी बंडी (बैलगाडी) भरून संकलन केंद्रावर जायचा, दोन-दोन दिवस रांगेत थांबायचा, कापूस मोजून द्यायचा, आणि चुकारा (कापसाचे पैसे) मिळायचा हप्त्याहप्त्यानं. पहिला हप्ता आणि शेवटचा हप्ता यांत महिने जायचे. दिवाळी, पोरींची लग्नं, जूनमधलं बियाणं, शाळेच्या वह्या, हे काही चुकाऱ्याची वाट पाहत थांबत नव्हतं. ही मधली खिंड मेन लाईनवरचं दुकान भरून काढायचं.

कापडाच्या दुकानात गादीवर बसलेले शेठजी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पुढ्यात लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही, पहिल्या पानावर कुंकवानं काढलेलं स्वस्तिक. दिवाळीच्या आधी वडील मला आणि भावाला घेऊन गेले होते. वडिलांनी भावाच्या शर्टाचं कापड घेतलं आणि उठायला लागले. शेठजींनी विचारलं, "पोरीचं राहिलं ना भाऊ?" वडील म्हणाले, "शेठजी, कापूस अजून केंद्रावरच हाय. चुकाऱ्याचं काही खरं नाही." शेठजींनी वरच्या फळीवरचा तागा उतरवायला सांगितला, गज लावला, कापड टरकन फाडलं आणि म्हणाले, "पोरीचं घेऊन जा. लिहून ठेवतो. चुकारा आला का देजा." वहीत एक ओळ वाढली. कुठे सही नाही, कुठे अंगठा नाही. त्या कापडाचे पैसे वडिलांनी फेब्रुवारीत दिले.

त्या ओळीच्या मागे काय होतं? शेठजींना आमचं वावर कुठल्या शिवारात आहे ते माहीत होतं. त्या वर्षी पाऊस कधी दडी मारून बसला तेही माहीत होतं, कारण त्यांच्या ओट्यावर दिवसभर त्याच गोष्टी चालायच्या. वडिलांना दुसऱ्या दिवशीही त्याच रस्त्यानं जायचं होतं, तोंड चुकवून जाण्यासारखा दुसरा रस्ता गावात नव्हता. विश्वास म्हणतात तो असा उभा राहतो. एकमेकांच्या समोर राहावं लागतं, रोज दिसावं लागतं, आणि उभं राहून बोलायला जागा लागते. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना ती तिसरी गोष्ट, म्हणजे रस्त्याची रचना, धरून ठेवत होती. म्हणून मी ओट्याबद्दल इतकं बोलते.

पोळ्याच्या आठवड्यात हे सगळं एकदम दिसायचं. दोरखंडाच्या दुकानाबाहेर वेसणी, कासरे आणि गोंडे टांगलेले, शेजारी झुली, मठाठ्या, बाशिंगं, हिंगूळ आणि बेगड. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल ओळीनं मांडलेले. सालदार आणि मालक एकाच गर्दीत, एकमेकांच्या बैलाची चौकशी करत. घुंगरमाळ घेताना माणूस ती हातात धरून हलवायचा, कान देऊन ऐकायचा, ठेवायचा, दुसरी उचलायचा. दुकानदारही घाई करत नसे. सणाच्या खरेदीत अर्धा वेळ खरेदीचा नसायचाच. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, हा बदल मला मान्य आहे. तरी पोळ्याचा बाजार अजूनही भरतो. फक्त आता तो दुभाजकाच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना अंग चोरत भरतो.

बायकांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी, कारण जुन्या बाजाराच्या आठवणी बहुतेक पुरुष सांगतात. पानठेला, हॉटेल, सलून, सायकलचं दुकान. या जागा त्यांच्या होत्या. आम्हाला बसायला जागा होती ती कासाराच्या दुकानात. सतरंजी अंथरलेली असायची. हात पुढे करून बसायचं, आणि बांगड्या भरता भरता काकू कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाची मुलगी माहेरी परत आली, कोणत्या डॉक्टरीणबाई चांगल्या, सगळं बोलायच्या. खेड्यातून बाजाराला आलेल्या बाईला पाणी प्यायला, लेकराला पाजायला तीच जागा. मेन लाईनवर बायकांसाठी स्वच्छतागृह तेव्हा नव्हतं, आमच्या गावात आजही नाही. चकचकीत रस्त्याच्या अंदाजपत्रकात पथदिवे असतात, दुभाजकातली शोभेची झाडं असतात, आणि बाजारात दिवस काढणाऱ्या बाईची ही साधी गरज नसते. रस्ता कोणाला डोळ्यांपुढे ठेवून आखला जातो, ते इथे कळतं.

आता दुसरी बाजू, आणि ती दोन ओळींत उरकण्यासारखी नाही. ज्या वहीत माझ्या ओढणीचं कापड लिहिलं गेलं, तशाच वह्यांत अनेकांची वावरं गेली. कापड उधार देणारा आणि व्याजानं पैसे देणारा पुष्कळदा एकच माणूस असायचा. सवाईनं ज्वारी नेली तर पाच पायल्यांच्या सव्वासहा परत करायच्या, दिढीनं नेली तर साडेसात. कापूस उभा असतानाच पडत्या भावात सौदा व्हायचा, आणि खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घ्यायचा तेव्हा, काटा कोणाच्या बाजूनं झुकतो हे सगळ्यांना माहीत असायचं. २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी आलं ते शेतकरी आत्महत्यांमुळे. त्या आत्महत्यांच्या मागे बँकेचं कर्ज होतं तसं सावकाराचंही होतं. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात पंधरा वर्षांच्या आत सावकारीत गेलेली जमीन चौकशी करून परत करण्याची तरतूद घालावी लागली. ती उगाच घातलेली नाही.

आणि जात. त्याच मेन लाईनवरच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी असायची, पिऊन झाल्यावर त्यांनीच विसळून ठेवायची. किराण्याची पुडी हातात न देता वरून टाकली जायची. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांनी ही वागणूक नाकारायला सुरुवात केली. त्यासाठी गावोगावी भांडणं झाली, बहिष्कार सोसले गेले. ज्यांच्या आजोबांना ओट्यावर चढू दिलं नाही, त्यांनी ओट्याच्या आठवणीनं गहिवरावं अशी अपेक्षा मी कशी करू? आमच्या शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या एका ताईंनी मला हे स्पष्ट सांगितलं, "तुमच्या मेन लाईनीवर आमचा माणूस फक्त गिऱ्हाईक होता. माल उतरवणारा नाहीतर गिऱ्हाईक." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

त्यामुळेच मला जुनी मेन लाईन जशीच्या तशी परत नको आहे. पण आजच्या रस्त्यावर कोण बसतं, ते पाहा. मोबाईल दुरुस्तीचं टेबल, झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्ज भरून देणारं केंद्र, बचत गटाच्या बायकांचं पापड-लोणच्याचं दुकान, ब्लाऊज शिवून देणारी ताई, नाश्त्याचा ठेला. यांतले कितीतरी जण आपल्या घराण्यातले पहिले दुकानदार आहेत. त्यांच्याकडे भांडवल नाही, मालकीची जागा नाही. छोटा भाड्याचा गाळा किंवा रस्त्याची कड, एवढाच त्यांचा आधार. रुंदीकरणाची मोजणी येते तेव्हा जुन्या शेठजींच्या मुलाला मोबदला मिळतो, किंवा तो मागच्या जागेत दोन मजली दुकान बांधतो. पडतो तो या नव्या माणसाचा ठेला. ज्यांना मेन लाईनवर शतकभर जागा मिळाली नाही, त्यांना ती आत्ता कुठे मिळत होती, आणि नेमकी आत्ताच ती मोकळी केली जाते आहे. त्या ताईंनाही हे पटतं. त्यांच्या भाच्याचं मोबाईलचं टेबल मागच्या उन्हाळ्यात उचललं गेलं.

ऑनलाईन खरेदीला शिव्या देणं मला जमत नाही. आमच्या गावातल्या मुलींना स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पूर्वी अमरावतीहून मागवावी लागत, आता घरी येतात. वस्तूची किंमत छापील दिसते, चेहरा पाहून भाव सांगितला जात नाही. दलित वस्तीतल्या मुलाला बूट मागवताना कोणाच्या नजरेला सामोरं जावं लागत नाही. हे लहान नाही. पण उधारीच्या जागी काय आलं, तेही बघितलं पाहिजे. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्या आल्या, आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा हप्ता आला. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असं विनातारण कर्ज मिळतं, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत अशी अट आहे. पण सोयाबीन आणि कापसावर जगणाऱ्या घराला महिन्याचं उत्पन्न कुठे असतं? त्याला हंगामाचं उत्पन्न असतं. ऑगस्टमध्ये त्या घरात काहीही येत नाही, आणि हप्त्याचा माणूस ऑगस्टमध्येही दारात उभा असतो. दुकानदाराच्या उधारीत एक शहाणपण होतं, ती कापसाच्या तारखेनं चालायची. एवढीच गोष्ट त्या वहीतून उचलून आजच्या पतसंस्थेत, बचत गटात, पीककर्जात आणायला पाहिजे, व्याज आणि सावकारी बाजूला ठेवून.

मुख्य मुद्दा रस्त्याचा आहे, म्हणून तिकडे वळते.

रुंदीकरणाच्या बाजूनं जे सांगितलं जातं ते सगळं खोटं नाही. ट्रॅफिक तुंबतं. रुग्णवाहिका अडकते. ट्रक माल उतरवत उभा राहिला की शाळेची ऑटो मागे खोळंबते. आमच्या गावात एका बाळंतिणीला बैलबाजाराच्या दिवशी दवाखान्यात न्यायला इतका वेळ लागला की घरच्यांचा धीर सुटला. अशा वेळी "आमचा ओटा वाचवा" असं म्हणणाऱ्यावर लोक चिडतात, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

पण गर्दी कशाची आहे ते आधी मोजा. लांबून येऊन लांब जाणारी वाहनं, माल उतरवणारी वाहनं आणि गावातलीच दुचाकी, या तिन्हींवर उपाय वेगवेगळा आहे. लांबच्या वाहनांना बाजारातून जायचंच नसतं. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून मुंबईकडचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाणा या जिल्ह्यांतून तो जातो आणि गावं टाळून जातो. जुन्या महामार्गांवरच्या अनेक गावांना वळणरस्ते झाले. लांबची गाडी अशी बाहेर गेल्यावर बाजारातला रस्ता चौपदरी कोणासाठी करायचा? माल उतरवायला सकाळी नऊच्या आत आणि रात्री आठनंतर अशी वेळ बांधून देता येते. दुचाक्यांसाठी बाजाराच्या दोन्ही टोकांना जागा ठेवता येते. बाजाराच्या दिवशी एकेरी वाहतूक करता येते. या कशालाही दुकान पाडावं लागत नाही. पण यातून मोठं कंत्राट निघत नाही, आणि उद्घाटनाला दाखवण्यासारखं काही उभं राहत नाही.

रुंद केल्यावर काय झालं, ते आमच्याच रस्त्यावर बघा. पूर्वी दुकानात जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. आधीच्या डांबरावर नवा थर, त्यावर खडीकरण, त्यावर सिमेंट, असं करत रस्ता इतका उंच झाला की आता जुन्या दुकानात जायला एक पायरी उतरावी लागते. रस्ता खोदून जुना थर काढायचा असतो, तो काढला गेला नाही. नाली रस्त्याच्या कडेला बांधली, पण तिचं तोंड दुकानाच्या जमिनीपेक्षा वर. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की पाणी नालीत न जाता दुकानात शिरतं. भांड्यांच्या दुकानातल्या काकाजींनी खालच्या दोन फळ्या कायमच्या रिकाम्या ठेवल्या आहेत. किराणा दुकानदारानं साखरेची पोती विटांवर रचली आहेत. ज्या खात्यानं रस्ता केला त्याला अर्ज गेले, उत्तर आलं की काम अंदाजपत्रकाप्रमाणे झालं आहे.

आणि ऊन. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे इथल्या कोणाला सांगायला नको. कडुनिंबाखाली गाडी लावून माणूस दुकानात जायचा, बाहेर येऊन माठातलं पाणी प्यायचा. झाडं गेली, पाणपोया गेल्या, आणि दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री दहापर्यंत वाफ सोडतं. आता एप्रिल-मेमध्ये दुपारी मेन लाईन ओस पडते. गिऱ्हाईक एसी असलेल्या मोठ्या दुकानात जातं, जे गावाबाहेर वळणरस्त्यावर उघडलं आहे, जिथे गाडी लावायला जागा आहे. लहान दुकानदार म्हणतो, ऑनलाईननं मारलं. काही अंशी ते खरं आहे. पण सावली कोणी मारली, हेही त्यानं विचारावं.

दुभाजकाचं तर बोलायलाच नको. समोरच्या दुकानात जायला पूर्वी दहा पावलं लागायची. आता पुढच्या चौकातून वळसा घालावा लागतो. कापड घेतल्यावर समोरच्या शिंप्याकडे जाणारं गिऱ्हाईक तिथेच तुटतं. बाजाराचे दोन काठ एकमेकांवर जगतात, हे रस्ता आखणाऱ्याला दुकानदारांनी सांगायला पाहिजे होतं. आखणाऱ्यानं तर विचारायलाच पाहिजे होतं.

विचारलं कोणाला असतं, हाही प्रश्नच आहे. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांची मुदत २०२२ च्या आगेमागे संपली आणि निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधली वर्षं प्रशासकांची. त्या काळात सिमेंट रस्त्यांची कामं थांबली नाहीत, थांबलं ते लोकांनी निवडलेलं सभागृह. वॉर्डातला नगरसेवक निदान शिव्या खायला तरी समोर असतो. प्रशासकाच्या दारात चांभारानं कसं जावं?

कायदा अगदीच नाही असं नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात बाधित कुटुंब म्हणजे केवळ मालक नाही. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या जागेवर पोट असलेला भाडेकरू आणि कारागीरही त्यात येतो. लहान व्यापाऱ्याच्या आणि कारागिराच्या कुटुंबाला किमान २५,००० रुपये एकरकमी साहाय्य द्यावं, असं त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनालाही २०१५ पासून मोबदला आणि पुनर्वसनाच्या या तरतुदी लागू झाल्या. ही रक्कम तुटपुंजी आहे, पण ती मिळायलासुद्धा संपादन झालं असं कागदावर यावं लागतं. गावांत होतं असं की ओटा, पत्र्याची शेड, ठेला या सगळ्याला अतिक्रमण म्हटलं जातं. अतिक्रमणाला मोबदला नाही, पुनर्वसन नाही, फक्त नोटीस. काही ओटे खरंच रस्त्याच्या हद्दीत आलेले आहेत, हे मी नाकारत नाही. पण ज्या ओट्याची कर पावती नगर परिषदेनं वर्षानुवर्षं फाडली, तो एका सकाळी अतिक्रमण कसा ठरतो, याचं उत्तर मागायचा दुकानदाराला हक्क आहे.

पर्याय म्हणून व्यापारी संकुल दाखवलं जातं. ते बाजाराच्या मागे, पायऱ्या चढून वर, आणि गाळे लिलावानं. अनामत इतकी की ब्लाऊज शिवणारी ताई बोलीत उभीच राहू शकत नाही. गाळे घेतात ज्यांच्याकडे पैसा पडून आहे ते, आणि भाडं परवडत नाही म्हणून शटर बंद राहतात. वर्ध्याला १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तिथे बसून जो विचार मांडला त्याचा गाभा एवढाच होता की गावचा पैसा गावातल्या हातांतून फिरला पाहिजे. वर्ध्यापासून दोन तासांच्या अंतरावर आपण बंद शटरची संकुलं बांधतो आहोत.

सगळ्यात दुर्लक्षित कायदा आहे २०१४ चा पथविक्रेत्यांचा. नगर परिषद असलेल्या प्रत्येक गावात मुख्याधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली नगर विक्रेता समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण झाल्याशिवाय आणि प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. आणि यात एक तरतूद अशी आहे जी विदर्भातल्या प्रत्येक गुजरीला लागू पडू शकते. पन्नास वर्षांहून जास्त काळ जिथे विक्रेते बसत आले आहेत असा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आहे, आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. कायद्यात हे लिहिलेलं आहे. आमच्या गुजरीत तिसऱ्या पिढीची भाजीवाली बसते आहे. तिची आजी सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या मांडायची तिथेच नात मांडते. तिला हा कायदा कोणी सांगितलेला नाही, आणि बाजार वसुलीची पावती मात्र रोज न चुकता फाडली जाते.

म्हणून नव्यानं निवडून आलेल्या सदस्यांकडे मागायचं काय, ते ठरवू. मेन लाईनचं कुठलंही नवं काम मंजूर करण्याआधी वाहनांची मोजणी होऊन ती सभागृहासमोर यावी. जुना थर खोदून काढल्याशिवाय नवा थर टाकू नये, आणि दुकानाच्या जमिनीची पातळी नकाशावर लिहिलेली असावी. झाड तोडायचं असेल तर आधी सावलीची सोय दाखवावी. बायकांसाठी स्वच्छतागृह अंदाजपत्रकातच असावं. जुन्या भाडेकरूंना आणि पहिल्यांदाच दुकान टाकणाऱ्यांना काही गाळे लिलावाबाहेर, ठरलेल्या भाड्यानं मिळावेत, आणि त्यात दलित-आदिवासी तरुणांचा व बचत गटांचा वाटा ठरलेला असावा. बंद संकुलातल्या गाळ्यांपासून सुरुवात करता येईल, ते बांधून तयारच आहेत.

जुन्या दुकानांच्या आठवणी काढणाऱ्यांनाही माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे असलेले फोटो, पावत्या, बिलं, जुन्या पाट्या जपून ठेवा, पण कपाटात ठेवू नका. गुजरी कधीपासून त्या जागी भरते याचा पुरावा तोच आहे. १९७० च्या आधीचा एक फोटो, ज्यात भाजीवाल्या त्याच वडाखाली बसलेल्या दिसतात, वारसा बाजाराच्या अर्जाला जोडता येतो. वडिलांच्या दुकानाची जुनी कर पावती ओट्याच्या नोटिशीच्या उत्तरात लावता येते. आमच्या गावात अशा कागदांची एक फाईल तयार होते आहे. विक्रेता समिती नेमा म्हणून मुख्याधिकाऱ्यांकडे जो अर्ज जाणार आहे, त्यावर आधी भाजीवाल्या बायका सह्या करतील, मग दुकानदार, मग आम्ही गिऱ्हाईक.